तीन नंबरचं बटण

१

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अश्विनी अंगणात यायची. एका हातात समृद्धीचं दप्तर, दुसऱ्या हातात समृद्धी. किल्ली पर्समध्येच असायची, ती बाहेर काढायची गरज नव्हती. बाई जवळ आली की गाडी तिला ओळखायची, आरसे उघडायची, दिवे मिचकावायची आणि दार उघडताच सीट गुणगुणत अश्विनीच्या मापाला येऊन थांबायची. "कुत्र्यापेक्षा इमानी आहे," असं सुनील म्हणायचा. त्यावर अश्विनी म्हणायची, "कुत्र्याला हप्त्याला डिझेल लागत नाही."

टोमॅटोने सोनं केलं त्या वर्षीची ही गाडी. पिंपळवंडीत त्या साली कुणी मजले चढवले, कुणी मुलींची लग्नं उरकली. सुनीलने ही काळी, हत्तीएवढी गाडी आणली. पहिले पंधरा दिवस अंगणात जत्रा होती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सुनील बोनेटपासून सुरुवात करून सगळं सांगायचा. सहा सेकंदांत शंभरचा वेग. स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या, त्यामुळे वावरात घातली तरी पोटातलं पाणी हलत नाही. दार नुसतं टेकवा, उरलेलं ते स्वतः ओढून घेतं. समोरच्या काचेवर वेगाचे आकडे हवेत तरंगताना दिसतात. पाहुणे चहा पीत ऐकायचे आणि जाताना हमखास विचारायचे, "ॲव्हरेज किती देती, राव?" तिथे सुनीलचा चेहरा पडायचा.

अश्विनीची गोष्ट वेगळी होती. अवसरी बुद्रुकची ही पोर, लग्नाआधी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांच्या फटी मोजायची. पाव मिलिमीटरची चूक तिला डोळ्यांनी दिसायची. सासरी आल्यावर तिने पहिल्याच महिन्यात मिक्सर उघडला होता. गाडीचं चारशे पानी पुस्तक अख्ख्या घरात तिनेच वाचलं, तेही दोनदा.

तर अशा बाईच्या बाबतीत, भाद्रपद सरून नवरात्र बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ही गोष्ट घडली. तिने दार उघडलं आणि सीट उलट दिशेला निघाली. मागे, पार मागे, आणि मग खाली. स्टिअरिंग समोरच्या पॅनेलमध्ये शिरल्यासारखं आत गेलं. अश्विनी बसली तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात.

दारावर एक, दोन, तीन अशी बटणं होती. एक सुनीलचं, दोन तिचं. तीन कुणाचंच नव्हतं आणि त्याच्यावरचा बारीक दिवा लागलेला होता.

"कोण खेळलं गं याच्याशी?" तिने मागे वळून विचारलं.

"मी नाही," समृद्धी म्हणाली. ती आपल्या उंच खुर्चीवर, डाव्या खिडकीशी, पट्टा लावून बसली होती. सात वर्षांची मुलगी खोटं बोलताना नाक खाजवते. तिने नाक खाजवलं नाही.

अश्विनीने दोनचं बटण दाबलं आणि निघाली.

२

आठवडाभर हे रोज झालं. अश्विनीला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर तिला मजाच वाटली. बिघाड म्हटला की तिची कळी खुलायची. तिने किल्ल्या बदलून पाहिल्या. तीन नंबरची आठवण पुसून पाहिली. दुसऱ्या दिवशी ती परत हजर. सुनील पहाटेच पिकअप घेऊन नारायणगावच्या मार्केटला जायचा, त्याला या गाडीकडे बघायला सवड नव्हती. "सॉफ्टवेअर असंल," एवढं बोलून तो मोकळा झाला.

मग तिने पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथे पप्पू नावाचा एक हुशार गडी होता. त्याने तिथूनच गाडीची नोंद उघडली.

"मॅडम, तीन नंबर कुणीतरी सेव्ह केलाय. पहिल्यांदा चौदा ऑक्टोबरला, सकाळी अकरा चाळीस."

"आपोआप होऊ शकतं?"

"नाही होत. सीटवर माणूस बसलेला लागतो, तरच गाडी घेते. वजन लागतं ना खाली."

"किती वजन होतं ते दिसतं का?"

"तेवढं नाही दिसत, मॅडम. पण होतं."

चौदा ऑक्टोबर म्हणजे सर्वपित्री. त्या दिवशी सुनील सासूबाईंना घेऊन कुकडीच्या घाटावर गेला होता. अश्विनी घरी पुरणात हात घालून बसली होती.

संध्याकाळी तिने हे सगळं स्वयंपाकघरात सांगितलं. सासूबाई, म्हणजे साळुबाई, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की अश्विनीने गेल्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आगं, त्ये हायेत," साळुबाई म्हणाल्या. "तुजं सासरं. गाडीची लई हौस व्हती त्यांना."

३

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. जन्मभर ट्रॅक्टर आणि जुनी जीप चालवली, पण नव्या गाडीचं वेड होतं. दुसऱ्याच्या दारात नवी गाडी उभी दिसली की चपला काढून आत बसून यायचे.

साळुबाईंनी आपलं सुरू केलं. सकाळी उठून ड्रायव्हरची सीट मऊ फडक्याने पुसायची. कधी सुपारीचं खांड ठेवायचं. समृद्धीला निरोप द्यायचा, "आज्याला सांग, हळू चालवा म्हनावं." सुनील हसला, पण डोळे पुसत हसला. आणि अश्विनी? तिचं डोकं नाही म्हणत होतं. पण घरात इतका आनंद असताना नाही म्हणायला जीभ रेटेना. अण्णांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं, मिक्सर उघडला तेव्हा स्क्रू शोधून देणारे तेच होते. ते नातीला शाळेत सोडायला येत असतील तर येऊ देत की. तिला ते बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

हे समाधान चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टर धुताना तिची नजर क्लचवर गेली. त्यावर लाकडाची फळी बांधलेली होती. अण्णांनीच बांधून घेतली होती, कारण त्यांचा पाय पुरायचा नाही. अण्णा बुटके होते. अश्विनीपेक्षा चार बोटं कमी. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायलासुद्धा ते तिलाच हाक मारायचे.

आणि तीन नंबरची सीट शेवटच्या टोकापर्यंत मागे जात होती.

अश्विनी पाइप तसाच वाहता टाकून उभी राहिली. एवढी साधी गोष्ट आपल्याला कळली नाही याचा तिला आधी राग आला. राग ओसरल्यावर ती मोजपट्टी कुठे ठेवलीय ते आठवू लागली.

४

दुपारी घर शांत होतं. समृद्धी शाळेत, साळुबाई पडलेल्या. अश्विनीने गोठ्यातून टोमॅटो बांधायच्या सुतळीचं बंडल आणि मोजपट्टी घेतली आणि गाडीत शिरली. दार टेकवताच गाडीने ते हलकेच ओढून बंद केलं. बाहेरचा पंपाचा आवाज एकदम तुटला. या गाडीत बसलं की बाहेरचं जग कापूस भरून ठेवल्यासारखं होई. सुनीलला त्याचा फार अभिमान होता.

तिने तीन दाबलं.

सीट गेली. स्टिअरिंग गेलं. मग तिने एक गोष्ट पाहिली, जी इतके दिवस घाईत पाहिली नव्हती. डावा आरसाही वळत होता. तो आत वळत गेला, इतका आत की त्यात रस्ता दिसणंच शक्य नव्हतं. समोरच्या काचेवरचे आकडे तर तिला दिसेनासेच झाले. ते आकडे बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीप्रमाणे वर-खाली होतात, हे पुस्तकातल्या दोनशे बाराव्या पानावर होतं. म्हणजे या तीन नंबरवाल्याचे डोळे कुठे आहेत ते शोधून काढता येणार होतं. अश्विनीला इतका साधा आणि सुंदर हिशेब बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. भीती होतीच, पण उत्सुकता तिच्या पुढे दोन पावलं चालत होती.

आरशापासून तिने सुतळी ताणली. सीटच्या पाठीकडे, उशीकडे. जुळेना. ती आणखी वर घेतली. अजून जुळेना. शेवटी ती सीटवर गुडघे टेकून उभी राहिली, मान वाकवली, डोकं छताला लावलं आणि पुढे झुकली, अगदी स्टिअरिंगच्या वर तोंड येईपर्यंत.

आकडे दिसले. स्वच्छ, नाकासमोर.

म्हणजे बसायचं पार मागे, पाय लांब सोडून, आणि डोकं छताला घासत पुढे काढायचं, काचेजवळ. असा कुठला माणूस बसतो? तिने तशाच अवघडलेल्या मानेने डाव्या आरशात पाहिलं. आरशात मागची खिडकी होती. खिडकीच्या आत समृद्धीची उंच खुर्ची होती. मधोमध, चारही बाजूंनी सारखी जागा सोडून, फोटो काढायला बसवल्यासारखी. खुर्चीवर तिचा विसरलेला रुमालसुद्धा दिसत होता.

अश्विनीने टाळूला हात लावला. तिचं डोकं जिथे टेकलं होतं तिथलं छताचं मखमली कापड गुळगुळीत झालं होतं, गोठ्यातल्या खांबाला जनावर रोज अंग घासतं तसं. तिने तळहात ठेवून पाहिला. झिजलेली जागा तळहाताबाहेर चांगली चार बोटं पसरलेली होती.

तिने सुतळी गुंडाळली नाही. तशीच टाकून बाहेर आली आणि बराच वेळ उन्हात उभी राहिली.

५

"आई, घाटावर त्या दिवशी काय केलंत तुम्ही?"

साळुबाई उठून बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी पदर सावरला. "काय केलं म्हंजी?"

"सगळं सांगा. सुनील कुठे होते?"

"त्यो खाली पानी आनाया गेला व्हता. मी गाडीपाशी. मनात आलं, पित्राचं जेवन घरी हाय, त्यांना गाडीतनंच न्यावं. ती इस्टेअरिंगची बाजू हाय ना, त्ये दार उगडलं न् म्हनलं, या, बसा. घरी चला. नात वाट बगती."

"नाव घेतलंत का?"

"कुनाचं?"

"अण्णांचं. नाव घेऊन बोलावलंत का?"

साळुबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती काहीतरी वावगं बोलली. "नवऱ्याचं नाव कोन घेतं, बाई? बेचाळीस वरसं संसार केला, एकडाव माज्या तोंडातनं नाव न्हाई आलं. त्यांना कळतं की, मी म्हनलं म्हंजी."

अश्विनीला तो घाट आठवला. पंचक्रोशीतलं प्रत्येक दहावं त्या घाटावर होतं. पिंपळवंडीचं, शेजारच्या गावांचं, कधी निमगाव सावाकडच्या पाहुण्यांचं. किती जण तिथे वाट बघत उभे असतील, कुणाला ठाऊक. एक बाई दार उघडून म्हणते, या, बसा. कुणाला, ते सांगत नाही.

साळुबाई भोळ्या होत्या, पण मंद नव्हत्या. सुनेच्या चेहऱ्यावरून त्यांना हळूहळू सगळं उमगलं. त्यांचा हात तोंडावर गेला.

"मग रोज पोरीसंगं कोन जातंय?" त्या म्हणाल्या.

६

दुसरा दिवस शनिवार, शाळा अर्ध्याच दिवसाची. अश्विनीने सुनीलला मार्केटला उशिरा जायला लावून समृद्धीला त्याच्या पिकअपमधून पाठवलं. कारण विचारल्यावर "गाडीचं काम आहे" एवढंच सांगितलं. मग सासू-सून गाडी घेऊन घाटावर गेल्या. सारा रस्ता दोघी पुढच्या सीटवर, पाठ न टेकता, ताठ बसून होत्या.

घाटावर नुकतंच एक दहावं उरकलं होतं. मांडववाले बांबू सोडत होते, भोंगा उतरवत होते. लख्ख ऊन. इतक्या उजेडात आपण हे काय करतोय, असं अश्विनीला क्षणभर वाटून गेलं. चाकणचे तिचे जुने साहेब बघते तर म्हणाले असते, अश्विनीताई, रजा घ्या.

तिने चारही दारं उघडली आणि मागचं दारही वर केलं. गाडी पंख पसरल्यासारखी उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली.

साळुबाईंनी डोक्यावर पदर घेतला. ओठ हलले, आवाज फुटेना. लाजेने त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी ज्यांना बोलावलं त्यांचं नाव..." त्या थांबल्या. "त्यांचं नाव संपत. संपत." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज मऊ झाला, जणू ते नाव जिभेवर कसं लागतं तेच त्या बघत होत्या. मग ताठ होऊन म्हणाल्या, "दुसरं कुनी आलं आसंल तर आमची चूक झाली. हात जोडते. उतरा आता."

मांडववाल्यांचा एक बांबू खाली पडला. नदीवरून वारा आला आणि गेला. काहीच झालं नाही.

आणि मग गाडीने श्वास सोडला. फस्स, असा बारीक आवाज झाला. हवेच्या पिशव्यांची ही रीतच आहे. आतलं ओझं उतरलं की गाडी दबलेली राहत नाही, स्वतःला वर उचलते. अश्विनीने हे शंभरदा पाहिलं होतं; पाच जण उतरले की करंगळीएवढी उचलते. आता ती उजवीकडून, स्टिअरिंगच्या बाजूने वर आली, आणि येतच राहिली. चांगली चार बोटं.

मग साळुबाई मटकन पायरीवर बसल्या आणि अश्विनीला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

परतताना गाडी वेगळीच वाटली. अश्विनीने तीन दाबलं. सीट जागची हलली नाही. तिने हायवेला गाडी जरा मोकळी सोडली, तशी ती पाठीला धक्का देऊन अशी निघाली की साळुबाईंनी "आगं आगं" करत दाराची मूठ धरली. साळुबाईंना ती आज पहिल्यांदाच मनमोकळं हसताना पाहत होती, त्या सर्वपित्रीनंतरच्या हसण्याहून हे वेगळं हसू होतं. "लई पळती गं ही," त्या म्हणाल्या, "त्यांनी गाव डोक्यावर घेतलं आसतं." पोर सुटायच्या आधी पोचायचं होतं आणि वेळ हातात होता.

७

शाळेच्या फाटकासमोर अश्विनीने गाडी उभी केली. साडेअकराची घंटा झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. रिक्षावाले नावं पुकारत होते. एक बाई वर्गाच्या रांगा सांभाळत होत्या.

समृद्धी सगळ्यांच्या मागून आली. एकटीच, रमतगमत, मैदानाच्या मधून. काहीतरी सांगत होती, मान वर करून, अगदी वर.

"आशी काय चालती ही?" साळुबाई म्हणाल्या.

तिचा उजवा हात वर होता. नुसता वर नव्हे. खांदा कानाला टेकेल इतका ओढलेला, मनगटातून किंचित वाकलेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. मधेच पाऊल चुकलं तेव्हा ती पडली नाही. त्या हाताने सावरली गेली. समोरून येणारी दोन पोरं तिच्या उजवीकडून न जाता, कारण नसताना, लांबून वळसा घालून गेली.

अश्विनी दार उघडून धावली. वाटेत कुणाची तरी सायकल पाडली तेही तिला कळलं नाही. तिने पोरीचा डावा हात घट्ट धरला, दुखेल इतका घट्ट.

"चल. पटकन चल, समू. गाडीत चल."

"आई, तू पण आलीस!" समृद्धीचा चेहरा फुलला. ती एकदा आईकडे बघून हसली आणि एकदा दुसऱ्या बाजूला, उंच, फाटकाच्या कमानीजवळ कुठेतरी बघून हसली. "आता दोघं आहात. झोका द्या ना. एक, दोन, साडेमाडे तीन!"

आणि तिने दोन्ही पाय उचलले.

ती पुढे गेली, मागे आली, जमिनीपासून हातभर वर, उजवीकडून जास्त वर, खिदळत. अश्विनी जिथे होती तिथेच खिळली. पोर अठरा किलोची होती, तिला नक्की ठाऊक होतं, कालच शाळेच्या कार्डावर लिहिलेलं वाचलं होतं.

तिच्या हाताला नऊच लागत होते.